ग्राफताई आणि तमाम जनता

ग्राफताई गाणं तळहाताने ऐकायच्या. कोणताही बँड घरी आला, की त्याने आपलं गाणं त्यांच्या टेबलावरच्या काळ्या स्पीकरवर लावायचं. ताई डावा तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवायच्या, नजर भिंतीवर लावायच्या आणि अर्ध्या मिनिटात निकाल द्यायच्या. "ढोलवाल्याचं लूम हलतंय. पाया पक्का न्हाय." किंवा, "हा बरा हाय. ह्याच्या लूमवर दोरा तुटायचा न्हाय." मग हात पदराला पुसायच्या, जसं काही गाण्याचं तेल लागलंय. काळे टी-शर्ट घातलेली, दंडावर साप गोंदवलेली मुंबईची मुलं एकमेकांकडे बघायची. त्यातला एखादा हळूच म्हणायचा, हे ध्यान आहे. दुसरा म्हणायचा, ही ऊर्जा आहे. ताईंच्या घरात इतक्या मूर्खपणाच्या गोष्टी बोलल्या जायच्या, की त्या भिंतींना ओल येण्याचं कारण पाऊसच होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

भिवंडीजवळच्या दापोड्यात भावाच्या घरामागे त्यांची एक खोली होती. पुढे भावाचं दुमजली घर, मागे गोडाऊनची पत्र्याची भिंत, आणि मधल्या बोळात दिवसभर उलटे येणारे कंटेनर. भावाने शेत गोडाऊनला दिलं आणि घराला टाइल्स लावल्या. ताईंनी खोलीला ग्राफपेपर लावला. ओल फार, म्हणून जुने कागद खळीने भिंतीला चिकटवलेले. त्या कागदांवर त्यांनी फावल्या वेळात काढलेली चित्रं होती. एकेक बारीक चौकट भरून केलेली. खेकडे, मासे, विळे, माणसांचे जबडे, एकात एक अडकलेले हात.

हे चौकटींचं वेड धंद्यातलं. भिवंडीत त्या पंचवीस वर्षं एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये डिझाईनचा ग्राफ काढायच्या. साडीच्या काठावर मोर हवा असेल, तर आधी तो चौकटीच्या कागदावर काढावा लागतो. एक चौकट म्हणजे एक दोरा. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडतात आणि त्या भोकांप्रमाणे लूम विणतं. शेडमधले उत्तरेकडचे कारागीर त्यांना 'ग्राफवाली आपा' म्हणत, गावातले 'ग्राफताई'. खरं नाव त्यांच्या रेशनकार्डावर होतं आणि तिथेच राहिलं. पुढे सुरतेहून डिझाईनं पेन ड्राइव्हमध्ये यायला लागली, तेव्हा शेठने त्यांना हार घातला, नारळ दिला आणि टेबल दुसऱ्या दिवशी भंगारात काढलं. ह्याबद्दल त्या कधी हळहळल्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "काँप्युटरचा मोर बघितलास? पोट बिघडल्यासारखा उभा असतो."

अल्बमच्या कव्हरांकडे त्या वळल्या त्या एका संडासामुळे. मुंबईचा एक रॉक बँड बाजूच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये आपला व्हिडिओ करायला आला होता. गरिबीची आणि गंजाची पार्श्वभूमी हवी, तर भिवंडीइतकी जवळ दुसरी कुठे मिळणार? दुपारी त्यांच्या गायकाला संडासला जायचं झालं. तो ताईंकडे आला, परत जाताना त्याने भिंत पाहिली आणि तिथेच बसला. त्याला एक चित्र हवं होतं, लाल आणि काळ्या चौकटींचं, आठ पायांचं, पुढे दोन नांग्या.

"ये राक्षस किधर का है?" त्याने विचारलं.

"राक्षस नहीं, चिंबोरी है," ताई म्हणाल्या. "खाडी का. एक बार रस्सा खाएगा तो राक्षस का नाम नहीं लेगा."

तो खेकडा त्या बँडच्या अल्बमवर आला. पुढे परदेशातल्या कुठल्याशा मासिकात त्याच्याबद्दल लिहून आलं, की हे चित्र म्हणजे तिसऱ्या जगातल्या भयाचं रूप आहे. ताईंच्या बहिणीची मुलगी सुवर्णा जवळच्याच एका गोडाऊनच्या ऑफिसात बिलं करायची. तिने ते वाचून मराठीत सांगितलं. ताईंनी विचारलं, "पहिलं नि दुसरं जग कुठं हाय?" त्यानंतर मात्र पत्रं यायला लागली. सुवर्णा ईमेल बघायची, ताई चित्र काढायच्या, आणि दोन-तीन वर्षांत त्यांची कव्हरं अशा देशांत गेली जिथे खेकडा डब्यातच मिळतो.

आलेल्या प्रत्येक बँडला त्या एकच प्रश्न विचारायच्या. "गुस्सा किस बात का है?" कारण सगळ्यांचंच संगीत रागाचं होतं. गिटार रागावलेली, ढोल रागावलेले, फोटोत तोंडं रागावलेली. पण कशावर, हे सांगायची वेळ आली की मुलं चाचरायची. एक म्हणाला, व्यवस्थेवर. ताईंनी विचारलं, कोणत्या साहेबावर? दुसरा म्हणाला, बापावर. "क्या किया बाप ने?" त्याने खूप विचार करून सांगितलं, की बापाने इंजिनिअरिंगला घातलं. मुलं गेल्यावर ताई मला म्हणाल्या, "पोटभर जेवून आलेत, गाडीत एसी हाय. राग कुठनं येनार? भाड्याने आणलाय." त्या मुलाला त्यांनी कव्हर करून दिलं, पण त्यावर एक अतिशय शांत बदक काढलं. बँडला ते फारच भीषण वाटलं.

कवटी मात्र त्या काढायच्या नाहीत. दर दुसऱ्या बँडला कवटी हवी असायची. ताई म्हणायच्या, "सगळ्यांची सारखीच असते. तिच्यात काढायचं काय?"

आता माझ्याबद्दल. मी मुंबईच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लिहायचो. राहायला भिवंडीत, म्हणून भिवंडीतलं जे काही छापण्यासारखं असेल ते माझ्या गळ्यात. बाकीच्यांना आमच्या गावाची बातमी आग लागल्यावरच आठवते. आमचे पुरवणीचे साहेब स्वतःला संगीताचे जाणकार समजत. त्यांच्या केबिनमध्ये एक गिटार टांगलेली होती, तिच्या दोन तारा तुटलेल्या होत्या आणि उरलेल्यांना कोणी हात लावत नसे. त्यांनी मला सांगितलं, "तुमच्याकडे एक बाई रॉक अल्बमची कव्हरं करते म्हणे. मुलाखत घेऊन ये. रंग भर." मी रंग भरण्यात पटाईत होतो. माझ्या लेखातला प्रत्येक माणूस अंधारातून उजेडाकडे जायचा, मग तो भजीवाला का असेना.

पहिल्या दिवशी ताईंनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मिशी काढून ये."

मला वाटलं चेष्टा आहे. मी नाव सांगितलं, पेपरचं नाव सांगितलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "मिशीवाल्याचं बोलनं मला पटत न्हाय," आणि दार लावून घेतलं. असा अपमान मला नवा होता. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा जाताना मी मिशी काढली. कॉलेजपासून जपलेली मिशी एका पुरवणीसाठी घालवणारा माणूस किती हलका असतो, हे मला आरशात दिसलं होतं, पण मी निघालो. ताईंनी मला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाल्या, "आता बोल. मान खाली घालून बोलू नको."

मुलाखत कसली, माझीच झडती होती. मी विचारलं, "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?"

"सुवर्णाच्या वर्गात एक प्रेरणा व्हती. लग्न होऊन पडघ्याला गेली. दुसरी मला म्हायती न्हाय."

मी विचारलं, "ह्या चित्रांतून तुम्हाला काय सांगायचंय?"

"सांगायचं असतं तर मी बोलले असते की. चित्र कशाला काढत बसले असते?"

मी विचारलं, "रॉक संगीताशी तुमचं नातं काय?"

ताईंनी वही ओढून घेतली, माझे पुढचे प्रश्न वाचले आणि त्यातला एकेक पेन्सिलीने खोडत गेल्या. शेवटी एकच उरला: 'दिवसातून किती तास काम करता?' "हा बरा हाय," त्या म्हणाल्या. "सहा तास. लिही." मी लिहिलं. त्या दिवसाची मुलाखत एवढीच.

तरीही मी जात राहिलो. पाचव्या-सहाव्या खेपेला त्यांनी मला ग्राफ भरायला बसवलं. माझी एक चौकट चुकली. मी म्हटलं, एवढ्या हजारात एक कोणाला दिसणार? ताईंनी माझ्या हातातून ब्रश घेतला. "लूमवर एक चौकट चुकली की ती पुऱ्या थानभर चुकते. पंचवीस-पंचवीस मीटर. आणि बाईने ती साडी नेसली की लग्नात सगळ्यांना तीच दिसते." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमचं पेपरवाल्यांचं बरं हाय. सोमवारी त्यात वडापाव."

सातव्या खेपेला त्यांनी मला आपणहून एक गोष्ट सांगितली. सुवर्णा चहा ठेवून गेली होती. बाहेर कंटेनर उलटा येत होता आणि त्याचा भोंगा असा वाजत होता की मी बोलायचं थांबलो. ताई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या, पुढचं वाक्य येईना म्हणून. मी भोंग्याकडे हात केला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "पेन खाली ठेव."

मी ठेवलं.

"मला ऐकू येत न्हाय. दोन्ही कानांनी. थोडं थोडं जात पार गेलं, त्याला आता धा वर्षं झाली. माझं टेबल माळ्यावर व्हतं, खाली चोवीस लूम. पंचवीस वर्षं. त्या शेडमध्ये कोनालाच धड ऐकू येत न्हाय, म्हणून तिथं ह्यावर कोनी बोललं न्हाय. मी व्हठ बघते. मिशी आड येते."

मला एकदम सगळा उलगडा झाला. तळहात, उजेड, माझी मिशी. मी विचारलं, "बँडवाल्यांना ठाऊक नाही?"

"न्हाय. आणि व्हायला पन नको. त्यांना कळलं तर काम देतील, पन मग कानाचं काम देतील, हाताचं न्हाय. हे लिहायचं न्हाय. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. ओठ स्पष्ट हलवून म्हणालो, त्यांना दिसेल असं. त्यांनी मान हलवली आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

मी लेख लिहिला. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला तो पहिला बरा लेख होता. त्यात खेकडा होता, संडास होता, बदक होतं, खोडलेले प्रश्न होते. कोणी कुठूनही उजेडाकडे जात नव्हतं. साहेबांचा फोन आला. "छान आहे," ते म्हणाले, म्हणजे छापणार नाही. "पण ह्यात गोष्ट कुठाय? एक म्हातारी खेकडे काढते. मग? लोकांनी का वाचावं?"

मी ताईंची बाजू घ्यायला गेलो. बाई किती मोठी आहे हे त्यांना पटवायला गेलो. असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं म्हणजे मला तो लेख पहिल्या पानावर हवा होता. मी म्हणालो, "साहेब, त्यांना ऐकू येत नाही, तरी..."

साहेब जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "अरे गाढवा, मग हे गाडून काय ठेवलंयस?"

मी म्हणालो, ते लिहायचं नाही असं ठरलंय. ते म्हणाले, मी बघतो. मी पुन्हा 'नाही' म्हणालो नाही. फोन ठेवला आणि जेवायला बसलो. भाजी कसली होती तेही आठवतं. गवार.

रविवारी लेख आला. पहिल्या पानावर, अर्धं पान. मथळा होता: 'न ऐकलेल्या सुरांची चित्रकार'. खेकडा कापून तिकिटाएवढा केलेला आणि ताईंच्या कानाचा फोटो मोठा. तो फोटो माझ्याच मोबाइलमधला होता, मी साहेबांना पाठवलेल्या वीसातला. त्यात ताई खाली वाकून चौकट भरतायत आणि कान कॅमेऱ्याकडे आहे. खाली माझं नाव, ठळक.

त्यानंतर जे दापोड्याला आले त्यांची जत्राच होती. कान तपासायच्या मशिनवाल्यांना ताईंचा हसरा फोटो हवा होता. एका कॉलेजच्या मुलांना त्यांच्यावर प्रोजेक्ट करायचा होता. त्यांनी ताईंना लूमवर बसून दाखवायला सांगितलं. लूमवर कोणी बसत नाही, उभं राहतात, एवढंही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ताईंनी जन्मात लूम चालवलं नव्हतं. एक बाई आल्या, त्यांनी ताईंचे हात हातात घेतले आणि डोळे मिटून रडल्या. डोळे मिटल्यावर ताई त्यांना काय म्हणाल्या ते मला सुवर्णाने सांगितलं, पण ते छापता येणार नाही. त्या खोलीतल्या चार भिंतींवर शंभरेक चित्रं होती. सुवर्णा म्हणाली, "एकाने पन मान वर करून बघितलं न्हाय. सगळे मावशीच्या डोक्याच्या बाजूला बघत व्हते."

मग मुंबईत प्रदर्शन झालं. नाव 'नि:शब्द'. मीही गेलो होतो, मागे उभा होतो. दारात एका पांढऱ्या कपड्यातल्या मुलीच्या हातात तबक, तबकात कापसाचे बोळे. प्रत्येक पाहुण्याने कानात कापूस घालून आत जायचं, म्हणजे चित्रकाराचं जग अनुभवता येईल, असं इंग्रजीत लिहिलेलं. आत पन्नास-साठ सुखवस्तू माणसं कानात कापूस घालून खेकड्यासमोर उभी होती आणि एकमेकांशी ओरडून बोलत होती, कारण ऐकू येत नव्हतं. ताई सुवर्णाबरोबर आल्या, हिरवी साडी, केसांत अबोली. आयोजक त्यांच्यासमोर आला आणि शाळेतल्या बाळाला समजावतात तसा तोंड फाकून, एकेक अक्षर ताणून, "वे... ल... क... म" म्हणाला. असे फाकलेले ओठ वाचता येत नाहीत, हे त्याला कोण सांगणार.

"ये रुई किसलिए?" ताईंनी विचारलं.

त्याने समजावून सांगितलं. ताईंनी ते सुवर्णाच्या तोंडून पुन्हा एकदा पाहिलं, खात्री करायला. मग तबकातला सगळा कापूस दोन मुठींत घेतला, पिशवीत भरला आणि सुवर्णाला म्हणाल्या, "चांगला हाय. घरी वाती व्हतील." समई पेटवायची राहिली होती. ती न पेटवताच त्या निघाल्या. जाताना माझ्यासमोरून गेल्या. मी तोंड उघडलं. त्यांनी मान फिरवली, आणि त्यांनी मान फिरवली की माणसाला बोलण्यात अर्थ उरत नसे.

खरा घाव पुढे होता. उत्तरेकडच्या एका थंड देशातला एक बँड ताईंच्या चित्रासाठी तीन महिने थांबला होता. ताईंना त्यांचा ढोलवाला फार आवडलेला. "हा मानूस लूमवर असता तर शेठ श्रीमंत झाला असता," म्हणायच्या. त्यांच्यासाठी त्यांनी दोन महिने खपून एक मोठा ग्राफ भरत आणला होता. नदीच्या चिखलात रुतलेला बैल, आणि त्याला ओढणारे असंख्य हात. कोणी काढतंय की बुडवतंय ते कळू नये असे. लेखाची बातमी तिथवर गेली. बँडचं पत्र आलं: बैल राहू दे, आम्हाला आता तुमच्या शांततेबद्दलचं चित्र हवं, तुमच्या कानांबद्दलचं. पत्र फार प्रेमाने लिहिलेलं होतं. सुवर्णाने ते मावशीला वाचून दाखवलं. ताईंनी बैल गुंडाळून कपाटावर ठेवला, ब्रश धुऊन उलटे ठेवले, आणि तेव्हापासून कव्हर म्हणून एक चौकटही भरली नाही.

हे सगळं मला सुवर्णाने फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही येऊ नका, असं मी सांगनार व्हते. पन मावशी म्हनते, येऊ दे त्याला."

मी गेलो. ताईंनी बसायला सांगितलं नाही. मी उभ्याउभ्या माफी मागितली. लांबलचक, साहेबांना दोष देणारी. त्या ओठ बघत राहिल्या आणि मधेच हात वर केला.

"साहेबाला मी बिस्किट दिलं व्हतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

"पेपरात खुलासा दे. मी सांगते तसा."

त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला, साहेबांकडे नेला. साहेबांनी वाचला आणि खरोखर बुचकळ्यात पडले. "खुलासा चुकीचा असतो. ह्यात चूक कुठाय? बाईला ऐकू येत नाही, हे खरंच ना?" मी म्हणालो, खरं आहे. "मग झालं तर," म्हणून त्यांनी कागद परत दिला. त्या महिन्यात मी ती पुरवणी सोडली. ह्यात शौर्य काही नव्हतं. त्यांनी मला पुढचा विषय दिला होता, पाय नसलेला गिर्यारोहक, आणि माझ्याच्याने त्याच्या घरी जाववेना.

खुलासा मी शेवटी जाहीर नोटीस म्हणून छापला, आमच्याकडच्या एका लहान पेपरात. आमच्या भागात जमिनीचे व्यवहार एवढे, की त्या पेपरात बातम्या कमी आणि वकिलांच्या नोटिसा जास्त. वकील माझ्या ओळखीचा होता. तो म्हणाला, नोटिशीची भाषा मी बदलणार नाही, कायद्याला धरून हवी. म्हणून ताईंचा मजकूर मधे आणि त्याची भाषा दोन्ही टोकांना, अशी ती नोटीस एका सातबाऱ्याच्या आणि एका हरवलेल्या दस्ताच्या मधे आली:

'तमाम जनतेस कळविण्यात येते की, मौजे दापोडे येथील ग्राफताई यांना ऐकू येत नाही हे खरे आहे. परंतु ही गोष्ट त्यांनी छापण्यासाठी सांगितली नव्हती. खाली नाव असलेल्या इसमाने शब्द दिला व मोडला. सबब यापुढे कोणीही कान पाहण्यासाठी येऊ नये. चित्र पाहायचे असल्यास यावे, चहा मिळेल. याबाबत कोणाची काही हरकत असल्यास चौदा दिवसांच्या आत लेखी कळवावे, अन्यथा हरकत नाही असे समजले जाईल.'

खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी पेपर घेऊन गेलो. ताईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "'तमाम जनतेस' बरं हाय," एवढंच म्हणाल्या. पंधराव्या दिवशी सुवर्णाच्या फोनवरून मेसेज आला: 'मावशी विचारते, कोणाची हरकत आली का?' मी कळवलं, नाही. उत्तर आलं: 'मग चहाला ये.' त्या नोटिशीत त्यांनी आपलं न ऐकणं स्वतःच्या शब्दांत छापून टाकलं, म्हणूनच आज ते मी इथे लिहू शकतो.

मी चहाला जात राहिलो. पेपर हा विषय आमच्यात निघत नसे. वर्षभराने गुडघ्यांनी त्यांना जेरीस आणलं, तेव्हा त्या अकलोलीला बहिणीकडे राहायला गेल्या. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात रोज पाय सोडून बसायचं, असा डॉक्टरांच्या नव्हे, बहिणीच्या सांगण्यावरून इलाज. मी शेवटचा भेटलो तो तिथेच. थंडीची सकाळ, पाण्यावर वाफ. सहलीला आलेल्या माणसांची एक टोळी अंडी उकडतात का ते बघायला पिशवीत अंडी घेऊन आली होती. ताई म्हणाल्या, "घरी गॅस न्हाय वाटतं," आणि त्यांच्याकडे पाठ केली.

मी पायरीवर बसलो, उजेडाकडे तोंड करून. ती सवय आता कायमची झाली होती. त्यांनी विचारलं, "घरी कोन कोन असतं तुझ्या?" इतक्या दिवसांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. आई, बायको, मुलगी. मग वडिलांवर आलो. वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी एक गोष्ट केली होती, जी मी आईला सांगितलेली नाही, बायकोला नाही, कोणालाच नाही. ती मी ताईंना सांगितली. का, ते सांगता येणार नाही. त्या एवढ्या टक लावून ओठांकडे बघायच्या, की अर्धवट बोलून थांबता यायचं नाही. मी सगळं सांगितलं. तासभर तरी बोललो असेन. त्यांनी एकदाही नजर हलवली नाही.

माझं संपल्यावर त्यांनी पाय पाण्यातून काढले, पदराने पुसले.

"हे आता मी पेपरात दिलं तर?"

समोर गरम पाण्याची वाफ आणि माझे हात गार. मला आईचा चेहरा दिसला, रविवारचा पेपर उघडताना. ताई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, चौकट बरोबर भरलीय का ते बघावं तशा.

"समजलं?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"घाबरू नको. मी मुलाखत घेत न्हाय." मग माझ्या खांद्यावर भार देऊन उठल्या आणि म्हणाल्या, "चल. बहिणीने घावन केलेत. गार झाले तर तिचं तोंड बघवत न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला दोन महिन्यांनी कळलं. त्यांच्या घरचे कोणाला कळवत बसले नाहीत, आणि पुरवण्यांपर्यंत बातमी गेलीच नाही, हे त्यातल्या त्यात बरं. मी दापोड्याला जाऊन सुवर्णाला भेटलो. खोलीत आता भावाच्या मुलाने पार्सलचा धंदा काढलाय. भिंतींवरचे कागद सुवर्णाने ओले करून एकेक सोडवले, काही फाटले, उरलेले तिच्या घरी पलंगाखाली आहेत. बैलही आहे.

निघताना मी तिला उगाच विचारल्यासारखं विचारलं, "मावशी माझ्याबद्दल कधी काही बोलल्या का? अकलोलीला आलो होतो त्यानंतर?"

सुवर्णाने बराच विचार केला.

"तुमच्याबद्दल? न्हाय," ती म्हणाली. "कधीच काही बोलली न्हाय."